वाफशाची वाट

माती घट्ट झाली की मला आनंद व्हायला हवा, अशी माझी नोकरी होती. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत चेन्नईबाहेर ओरगडमला गाड्यांचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते. कारखान्याच्या फरशीखाली जो भराव घालतात, तो रोलर फिरवून पुरेसा दाबला गेलाय का, हे तपासून सांगणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी कामाला होते. साइटवर जायचं, एक पोलादी नळकांडं भरावात ठोकायचं, ते मातीसकट उपटायचं, वरखालच्या कडा सुरीनं तासायच्या आणि आतली माती भट्टीत वाळवून तोलायची. नळकांडं तेच, जागा तेवढीच. त्यात जितकी जास्त माती मावली तितका भराव घट्ट. घट्ट निघाला की मी 'पास' लिहायची, आणि साइटवरचा साहेब खूश होऊन फिल्टर कॉफी मागवायचा.

मी बार्शीकडची. ज्वारीच्या काळ्या रानात वाढले आणि शेतकी कॉलेजात माती भुसभुशीत कशी ठेवावी याचं शिक्षण घेतलं. आणि इथे रोज माती नीट मेली आहे, असं सहीनिशी लिहून देत होते. माझ्या वडिलांना हे कळवलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ हसले. पण खरं सांगू? मला ते काम आवडायचं. नळकांडं खोटं बोलत नाही, आणि गुळमुळीत बोलणाऱ्या माणसांचा मला फार लवकर राग येतो. राग माझ्या नाकावर असतो, असं माझा नवरा म्हणतो. त्यात चूक काही नाही.

नवरा तंजावरकडच्या मराठी घरातला. घराणं कावेरीकाठचं, भाताचं. तिकडची जमीन वाटण्या होता होता संपली आणि घर मद्रासला आलं. सासरे बंदराजवळच्या एका कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा बाकीच्यांनी फ्लॅट घेतले, यांनी ओरगडमच्या बाजूला दोन एकर जमीन घेतली. तेव्हा तिकडे ताडाची झाडं, एक तलाव आणि बकऱ्या, इतकंच होतं. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. अप्पांचं मराठी जुन्या पोथीतलं, हेल तमिळ, आणि मधे मधे तमिळ शब्द पेरलेले. मला ते पहिली दोन वर्षं अर्धंच कळे. माझं मराठी त्यांना भांडल्यासारखं वाटे. तसं ते बरेचदा असायचंही.

अप्पांचा पाय मोडला आणि ते वर्षभर वेस्ट मांबलमच्या घरात पडून राहिले, तेव्हा थोरल्या दिरांनी परस्पर ती जमीन एका कंत्राटदाराला वापरायला दिली. शेजारच्या कारखान्याचं लोखंड तिथे उतरायचं आणि ट्रक उभे राहायचे. भरल्या पावसाळ्यातसुद्धा ट्रक येत-जात होते. ओल्या मातीवरून भरलेला ट्रक गेला की काय होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. अप्पा काठी टेकत पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा मी सोबत होते. बांध कुठे होता तेही ओळखू येत नव्हतं. अप्पांनी काठी जमिनीवर आपटली तर टक् असा आवाज झाला. वाकून त्यांनी टाचेखालचा एक खिळा उचलला आणि खिशात ठेवला.

मी पिशवीतून नळकांडं काढलं. ऑफिसचं नव्हतं, माझं स्वतःचं होतं. जॉर्ज टाउनमधल्या लोखंडबाजारात एका लेथवाल्याकडून पाइपचा तुकडा कापून घेतला होता आणि त्याच्या एका तोंडाला धार करून घेतली होती. ते आत जाईना. घामाघूम होऊन शेवटी ठोकलं, घरी आणलं आणि माती गॅसवर कढईत वाळवली. घरभर भाजक्या ढेकळांचा वास. नवरा दारातूनच म्हणाला, "आज जेवायला माती आहे का?" मी त्याला तराजू धरायला लावला. हिशेब झाला तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं. कारखान्याच्या फरशीसाठी ही जमीन मी डोळे झाकून पास केली असती.

त्या वर्षी अप्पांनी कोणाचं ऐकलं नाही. विहिरीचं पाणी सोडलं, वरची चार बोटं माती कशीबशी चिखल करून घेतली आणि भात लावला. भात उठला, हिरवा झाला, आणि पाऊस थांबल्यावर महिन्याभरात जागच्या जागी वाळला. मग पोंगलला सगळे घरी जमलेले असताना थोरल्या दिरांनी विषय काढला. कंत्राटदाराला ती जमीन कायमची हवी होती, ट्रकतळ बांधायला.

"अप्पा, ती मेलेली जमीन आहे," दीर म्हणाले. "मेलेल्या जमिनीला धरून काय बसाच?" बसाच म्हणजे बसायचं, या घरातली बोली अशी.

अप्पा पानावरून उठले नाहीत. भात कालवत म्हणाले, "एक पीक. पुढच्या पावसाचें एक पीक त्या जमिनींतून घरांत आलें, तर विकाच नाही. नाही आलें, तर तूं दाखवशील तिथें सही करतों."

दीर म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. त्यांना वाटलं, जिंकलो. मला राग आला तो त्या 'मेलेली' शब्दाचा. मेलेली माती मी रोज बघत होते. ही नुसती दाबलेली होती, पुन्हा उठू शकणारी. दोन्हींत फरक आहे.

त्या रात्रीच्या जेवणात इडल्या होत्या. मी एक इडली अप्पांच्या पुढे ठेवली आणि दुसरी मुठीत दाबून तिचा गोळा केला. "अप्पा, पीठ दोन्हींत तेवढंच आहे. या गोळ्यातून गेलं काय? नुसती भोकं गेली. चांगल्या मातीत निम्मी माती असते आणि निम्मी भोकं. त्या भोकांत अर्धं पाणी, अर्धी हवा. मुळं त्या भोकांतून चालतात. ट्रकांनी तुमची माती नेली नाही, भोकं नेली. ती परत आणता येतात."

अप्पांनी गोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन्नाशीं खेळूं नये," असं म्हणून तो गोळा त्यांनी सांबारात बुडवून खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "कशीं आणतात?"

मग आम्ही दोघं कामाला लागलो. ऐन उन्हाळ्यात, जमीन खडखडीत वाळलेली असताना, एकाच लांब दात्याचा नांगर भाड्यानं आणला. तिकडे त्याला छिन्नीचा नांगर म्हणतात. ओल्या जमिनीत तो नुसती चीर पाडतो. वाळलेल्या जमिनीत खालचा थर तडकवून उठवतो. ट्रॅक्टर धूर ओकत होता आणि माझ्या सँडलच्या तळव्याखाली जमीन कडकड वाजत होती. नंतर आषाढातल्या तुरळक सरींवर ताग पेरला, कमरेएवढा झाला की कापून तिथेच कुजायला टाकला. तागाची मुळं मरतात, पण त्यांनी केलेल्या वाटा राहतात. अप्पांना हे पेरून न खाण्याचं काम मुळीच पटत नव्हतं. तरी रोज सकाळची लोकल पकडून तांबरम, तिथून बस, असं काठी टेकत ते जायचे. दसऱ्याच्या सुमारास मी नळकांडं ठोकलं, तर चार घावांत आत गेलं. गांडूळ दिसलं. एकच होतं, पण मी त्याला बघून बाळाला हाक मारावी तशी हाक मारली.

आता फक्त एकच काम उरलं होतं, आणि ते माझ्या माहेरचं होतं: थांबणं. आमच्याकडे पाऊस उघडला तरी कोणी लगेच रानात पाय घालत नाही. भोकांतलं जादा पाणी खाली उतरावं लागतं, त्याच्या जागी हवा शिरावी लागते, तेव्हा जमिनीला वाफसा येतो. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळा झाला पाहिजे, पण खाली टाकला की फुटला पाहिजे, आणि तळहाताला चिकटता कामा नये. त्याआधी जो रानात औत घालेल त्याला आमच्या गावात शहाणा म्हणत नसत. मी अप्पांना हे बजावलं होतं. दिवाळीचा पाऊस होऊन जाऊ दे, वाफसा आला की भुईमूग पेरू. त्यांनी मान हलवली होती. ती मान कशासाठी हलली होती, हे मला नंतर कळलं.

दिवाळीनंतर पावसानं झोडपून काढलं. दोन-तीन दिवसांनी उघाड पडली आणि मी ओरगडमच्या एका साइटवर गेले होते. भराव ओला, तपासणीचं काम होईना, म्हणून दुपारी म्हटलं शेतावर डोकावून यावं. लांबूनच ट्रॅक्टरचा आवाज आला. बांधावर चढून बघते तर ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावलेली, आणि तो गुडघाभर चिखल घुसळत गोल गोल फिरतोय. बांधावर अप्पा, छत्री मिटलेली, धोतर खोचलेलं, चेहरा इतका प्रसन्न की मी लग्नापासून तसा पाहिला नव्हता. ते भातासाठी चिखलणी करून घेत होते.

मी डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नळकांडं, अशी धावत जाऊन ट्रॅक्टरसमोर उभी राहिले. चिखल गुडघ्यांपर्यंत आला. ड्रायव्हर तमिळमध्ये ओरडला, अप्पा मराठीत.

"बाजूला हो गे! पाऊस पडला, भरपूर पडला! आतां चिखल कराच नाही, तर काय कराच?"

"अप्पा, जमीन आत्ता कुठे श्वास घ्यायला लागली होती!"

"जमीन श्वास घेत्ये? तुमच्या बार्शीची घेत असेल. आमच्या तंजावरची पाणी पिऊन पडून राहत्ये."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. निम्मं शेत घुसळून झालं होतं. निम्मं वाचलं होतं. मला रडू येत होतं आणि अप्पांना ते दिसू नये म्हणून मी आणखीच मोठ्यानं बोलत होते. सगळा उन्हाळा गेला, ताग गेला, तुमची रोजची पायपीट गेली, एका दुपारी तुम्ही सगळी भोकं बुजवलीत. अप्पा समजूतदारपणानं ऐकत होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पण त्यांची बाजूही खोटी नव्हती. ज्यांच्या सात पिढ्या पाऊस आणि चिखल एकत्रच बघत आल्या, त्यांना भिजलेली जमीन दिसली की हात आपोआप चिखलाकडेच जाणार. भाताच्या घरात चिखलणी हे कामच नव्हे, तो एक प्रकारचा सण असतो. त्यांच्या हातून चूक झाली नव्हती. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी शेवटी एकदाचं शेतीचं काम सुरू केलं होतं.

मी म्हटलं, शितावरून भाताची परीक्षा करू. पिशवीत नळकांडी दोन होती. एक घुसळलेल्या भागात ठोकलं, दुसरं न घुसळलेल्या. वर बोटभर मोकळी कड ठेवली आणि दोन्हींत चेंबूनं पाणी ओतलं. चेंबू म्हणजे आपला तांब्या. अप्पा तो घरून पाण्यासाठी घेऊन यायचे. घुसळलेल्या बाजूचं पाणी आरशासारखं तसंच वर राहिलं. दुसऱ्या बाजूचं हळूहळू खाली गेलं, नाहीसं झालं. मी विजयी मुद्रेनं अप्पांकडे पाहिलं.

अप्पा माझ्यापेक्षा विजयी दिसत होते. "बघ," ते म्हणाले. "माझ्याकडे पाणी राहिलें. तुझ्याकडचें गेलें. आतां तूंच सांग, कोणाची जमीन चांगली?"

याला म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी. तंजावरच्या शेतकऱ्याला पाणी धरून ठेवणारी जमीन हीच चांगली जमीन. कालव्याला पाणी कायम असेल, तर ते बरोबरच आहे. पण इथे कालवा नव्हता. एक विहीर होती, आणि संक्रांत उलटली की ती तळाला लागायची. मी हे म्हटलं. अप्पा म्हणाले, "देव आहे."

तेवढ्यात ड्रायव्हरनं विचारलं, पुढे करायचं की नाही? अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं निम्मं तुम्ही घ्या. माझं निम्मं मला द्या." बराच वेळ ते काठीनं चिखलात रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "सरी. दोघांतलें कोणाचेंही एक आलें तरी पुरें." तेव्हा मला कळलं की त्यांना माझ्यावर मात करायची नव्हती, जमीन वाचवायची होती. मी मधे बांध घालून घेतला. म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आमच्या दोन एकरांत राहिल्या.

अप्पांचा भात लगेच लागला, आणि दिसायलाही सुरेख दिसू लागला. माझा निम्मा भाग उघडा, काळपट, नुसता. पाऊस थांबे, वाटे आता वाफसा येईल, की समुद्रावरून आणखी एखादं वादळ यायचं आणि पुन्हा रिपरिप. रविवारी मी मूठ दाबून बघायची आणि तळहात चिखलानं भरायचा. अप्पा बांधापलीकडून विचारायचे, "तुझा वाफसा अजून तांबरमलाच आहे काय? बस मिळाली नाही त्याला?" दीर एकदा गाडीतून येऊन बघून गेले. हिरव्या भागाकडे पाहिलं, उघड्या भागाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे न पेरण्याचीही पदवी देतात का?" मी दातओठ खाल्ले. घाई करून पेरलं असतं तर बिनतोड उत्तर मिळालं असतं, पण बी कुजलं असतं. थांबणं हेही काम आहे, हे लोकांना दिसत नाही, एवढीच त्यात अडचण.

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. शेताच्या रस्त्यावरच्या पीसीओवरून अप्पा बोलत होते. ते ऑफिसात कधी फोन करत नसत. काही वाईट घडलं की काय म्हणून मी हातातलं काम टाकलं.

"अगे," ते म्हणाले, "गोळा फुटतो आतां."

"कसला गोळा?"

"तुझ्या मातीचा. रोज दाबून बघतों. काल फुटत नव्हता. आज टाकला, फुटला. हाताला लागत नाही. ये."

बांधापलीकडून टोमणे मारणारा हा माणूस, रोज सकाळी कोणी बघत नसताना, बांध ओलांडून माझ्या बाजूला येत होता आणि वाकत होता. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बसमध्ये उभ्यानं गेले. त्याच दिवशी पेरणी झाली.

भुईमूग हे जमिनीची खरी परीक्षा घेणारं पीक. फूल वर येतं, पण शेंग वर धरत नाही. फूल गळलं की त्याला आऱ्या सुटतात, बारीक सुतळीसारख्या, आणि त्या खाली वळून मातीत शिरतात. माती मऊ असेल तर आत जाऊन शेंग होते. टणक असेल तर आरी वरच वाळते. आमच्या आऱ्या शिरल्या. मी रविवारी पालथी पडून बघत बसायची. अप्पा म्हणायचे, "असे पीक मीं पाहिलें नाही. लाजतें हें. तोंड लपवून वाढतें."

माघ संपता संपता विहीर तळाला लागली. पंपातून पाण्याबरोबर गाळ यायला लागला. भाताला लोंबी येण्याची वेळ, आणि भुईमुगाच्या शेंगा भरण्याची वेळ, दोन्ही एकदमच. पाणी दोघांना पुरणार नव्हतं. अर्धं अर्धं दिलं तर दोन्ही गेली असती. भात पाण्याशिवाय तीन दिवस राहिला तरी माना टाकायचा. भुईमूग दुपारी मलूल व्हायचा आणि संध्याकाळी पुन्हा ताठ. मला निर्णय दिसत होता, पण मी तो बोलणार नव्हते. भात त्यांचा होता.

अप्पांनी खुरपं घेतलं. आधी भाताचं एक रोप खणून काढलं. मुळं बोटभर खाली गेली होती आणि तिथून सगळी काटकोनात वळून आडवी पसरली होती. उन्हाळ्यात आम्ही पाडलेल्या भेगांत घुसळलेला बारीक चिखल जाऊन बसला होता, आणि वाळून त्याची फरशी झाली होती. मग बांध ओलांडून त्यांनी भुईमुगाचं एक रोप खणलं. मूळ खाली, खाली जातच होतं. खुरपं पुरेना, तेव्हा त्यांनी हातानं माती उकरली. दोन्ही रोपं त्यांनी बांधावर शेजारी शेजारी ठेवली.

"आडवें गेलें," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी फावडं उचललं. भाताच्या पाटाच्या तोंडावर माती टाकून ते बंद केलं आणि भुईमुगाच्या बाजूला पाट फोडला. मी फावडं घ्यायला पुढे झाले तर हातानंच थांबवलं. गढूळ पाणी माझ्या बाजूला वळलं. भाताकडे पाठ करून ते म्हणाले, "उभ्या भाताचें पाणी तोडणारा आमच्या घरांत मी पहिला."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. मी बरोबर ठरले होते, आणि बरोबर ठरल्याचा इतका त्रास मला आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही. मी त्यांच्याजवळ बसून रडले. साइटवरून येताना डोक्यावर तशाच राहिलेल्या माझ्या हेल्मेटवर त्यांनी टिचकी मारली आणि म्हणाले, "पोदुम," म्हणजे पुरे. "पाणी बघ, बांध फोडील."

चैत्रात काढणीच्या दिवशी दीर कंत्राटदाराला घेऊन आले. शिवारभर बातमी गेली होती की म्हाताऱ्याचा भात जळला. त्यांनी बरोबर वकिलाकडून तयार केलेले कागदही आणले होते. ते बांधावर आले तेव्हा अप्पा खाली बसून वेल उपटत होते. वेल धरून हलकेच ओढला की शेंगांच्या घोसासकट वर यायचा, आरी तुटायची नाही. मातीचा वास सुटला होता. मागे ढीग वाढत होता.

दीर वाळक्या भाताकडे बोट दाखवून म्हणाले, "अप्पा, बोलणें झालें होतें."

"झालें होतें," अप्पा म्हणाले. "पीक म्हणून सांगट्लें होतें मी. हें बघ पीक."

"शेंगा? आमच्या घरीं पीक म्हणजे भात. शेंगा संध्याकाळीं समुद्रावर बसून खातात."

खरं तर मी तोंड उघडलंच होतं. पण कंत्राटदार पुढे झाला. तो गोड माणूस, फार नम्रपणे तमिळमध्ये म्हणाला, पेरियवरे, म्हणजे वडीलधारे, एक वर्ष निघालं म्हणजे दर वर्षी निघेल असं नाही. जमीन आतून गेली ती गेली. आम्ही ट्रकतळ करू, तुम्ही सुखात राहा.

अप्पा उठले. धोतराला हात पुसले. माझी पिशवी बांधावर होती, तिच्यातून त्यांनी स्वतःच नळकांडं काढलं, नुकत्याच उपटलेल्या ओळीशेजारी ठेवलं आणि लाकडाच्या ओंडक्यानं ठोकलं. नळकांडं सरळ गेलं. मग चेंबू उचलला आणि त्यातलं पाणी काठोकाठ ओतलं. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. पाणी क्षणभर थांबलं, मधे एक बुडबुडा आला, आणि ते खाली गेलं. अप्पांनी उरलेलं ओतलं. तेही गेलं.

"कुठें गेलें पाणी?" दिरांनी विचारलं.

अप्पा कंत्राटदाराकडे वळले आणि तमिळमध्ये, सावकाश, समजावून सांगावं तसं म्हणाले, "तुम्हांला पाणी न पिणारी जमीन पाहिजे. वर्षभर होती तुमच्याजवळ तशी. आता ही पिते. तुमच्या कामाची राहिली नाही."

कंत्राटदार नळकांड्यातल्या ओल्या मातीकडे बघत उभा राहिला. दिरांनी कागद घडी घालून खिशात ठेवले. अप्पांनी रिकामा चेंबू माझ्या हातात दिला, विहिरीवरून भरून आणायला सांगितलं आणि पुन्हा खाली बसून पुढचा वेल धरला.